रेकॉर्ड रूममधले परदेशी लघुपोपट

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. नवी वही आणलेली नाही. जुन्या 'बाह्यरुग्ण आवक' रजिस्टरची मागची शंभरेक पानं कोरी निघाली, त्यातच लिहितो. हा इस्पितळाच्या मालमत्तेचा गैरवापर नाही. कोरी पानं वाया घालवणं हा गैरवापर.

कारण तसंच आहे. आज दुपारी सव्वाबाराला रेकॉर्ड रूमच्या खिडकीबाहेर मी एका पक्ष्याचा शोध लावला. चिमणीपेक्षा मोठा, पोपटापेक्षा बुटका. अंग हिरवं, तोंड आणि गळा गुलाबी, लहान मुलीने आईची लाली फासावी तसा. उडाला तेव्हा पाठीच्या खालच्या बाजूला निळा रंग दिसला. शेपूट असून नसल्यासारखी. असा पक्षी आपल्याकडे नसतो. एकतीस वर्षं याच खिडकीशी बसतोय, असता तर दिसला असता.

स्कॅनिंगवालीला सांगितलं. ही एका कंपनीकडून आलेली मुलगी. माझ्या सगळ्या फाईली कॉम्प्युटरमध्ये घालायला तिला वर्षभरासाठी नेमलंय. होणार नाही ते. ती मान वर न करता म्हणाली, "लव्हबर्ड, काका. पिंजऱ्यातले सुटतात आणि बाहेर राहायला शिकतात. मी आईला औषधाला आणायचे तेव्हापासून आहेत इथे. चार वर्षं झाली."

मुलीला कालगणना नीट येत नसावी.

संकल्प. रिटायर व्हायला सात महिने आहेत. तेवढ्यात या पक्ष्यांचा संपूर्ण अभ्यास. उद्यापासून साडेपाचला उठायचं, साडेसहाला इस्पितळाच्या मागच्या आवारात हजर.

४ फेब्रुवारी

सव्वासातला उठलो. गजर हिने बंद केला असणार. ही म्हणते, तुम्हीच केलात, आणि वर म्हणालात की पक्षी काही पळून जात नाहीत. बायकोला झोपेत बोललेलंही लक्षात राहतं. मला जागेपणी बोललेलं राहत नाही. डोक्यावर कामाचा ताण किती आहे याचा हा पुरावा.

७ फेब्रुवारी

गणती पूर्ण. मंगळवारी सहा, बुधवारी अकरा, काल नऊ, आज चार. सरासरी साडेसात. अर्ध्या पक्ष्याचं काय करायचं ते सोमवारी बघू.

हिला रात्री पोटात दुखत होतं. उजवीकडे, बरगडीखाली. कळ पाठीपर्यंत जाते म्हणे. जेवण हलकं ठेव म्हटलं. स्वयंपाक तिनेच केला होता आणि हलकाच होता. मग मला पुढे काही सुचलं नाही. झोप लागली.

१० फेब्रुवारी

'लव्हबर्ड' हे नाव मला मंजूर नाही. ऑफिसच्या कागदावर असलं काही लिहिता येत नाही. मी 'परदेशी लघुपोपट' असं नाव ठरवलं आहे. स्कॅनिंगवालीला सांगितलं तेव्हा ती "बरं काका" म्हणाली. पटलेलं दिसलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

फार मोठी घटना. पाय दुखतायत तरी लिहून ठेवतो.

रेकॉर्ड रूमच्या मागच्या भिंतीला छताच्या खाली चौदा व्हेंटिलेटर आहेत. वीतभर रुंदीचे झरोके. जाळ्या कधीच गंजून पडल्या. त्यांतल्या नवव्यातून आज एक लघुपोपट आत आला. रॅक क्रमांक बावीसवर बसला. जुन्या रजिस्टरची कड चोचीत धरली आणि कुरतडत कुरतडत सरळ रेषेत खाली आला. पट्टी लावून कापावी तशी कागदाची लांब पट्टी निघाली. ती त्याने मान मागे वळवून शेपटीजवळच्या पिसांत खोचली. मग दुसरी. मग तिसरी. अशा चार पट्ट्या मागे खोचून झरोक्यातून वर गेला. अर्ध्या पडल्या. पुन्हा आला.

एवढी शिस्त मी या इमारतीत कोणात पाहिलेली नाही. त्याला 'साहेब' हे नाव दिलं. जाताना त्याने माझ्याकडे बघितलं. ओळख ठेवल्यासारखं.

१३ फेब्रुवारी

स्कॅनिंगवाली म्हणते, पट्ट्या खोचून नेतात त्या माद्या असतात. कुठे वाचलं विचारलं. व्हिडिओत पाहिलं म्हणाली. व्हिडिओत काहीही दाखवतात.

१७ फेब्रुवारी

हिने एक फॉर्म दिला. कर्मचाऱ्याच्या कुटुंबीयांना इस्पितळात सवलत मिळते, त्याचा. तिने सगळा भरला होता, फक्त माझी सही हवी. "तपासणी झाली. खडे निघालेत पित्ताशयात. ऑपरेशन करा म्हणतात. हा तेवढा सही करून अधीक्षकांच्या ऑफिसात द्या," असं म्हणाली.

बॅगेत ठेवला. तिला मग साहेबाची आजची कामगिरी सांगितली. सोळा पट्ट्या. ऐकता ऐकता तिने पोटावर उशी धरली होती. थंडी असावी.

१८ फेब्रुवारी

फॉर्म राहिला. उद्या नक्की.

१९ फेब्रुवारी

साहेबासाठी रॅक बावीसवर मुद्दाम जुने कोरे फॉर्म ठेवले. त्याने त्यांना चोचही लावली नाही. लिहिलेलाच कागद लागतो त्याला. अभ्यासू वृत्ती.

फॉर्म उद्या.

२० फेब्रुवारी

सर्जननी एक जुनी फाईल मागवली. मी नेहमीप्रमाणे दोन मिनिटांत काढून दिली. दहा मिनिटांनी परत आली. डाव्या बाजूने सगळ्या पानांना झालर. रुग्णाचं नाव, वय, तारीख, सगळं समासाबरोबर गेलेलं. सर्जनांचा निरोप असा की या पेशंटचं जे काही उरलंय त्यावरून तो कोण होता ते कळवावं.

ओलाव्यामुळे असं होतं, असं कळवलं.

२४ फेब्रुवारी

अधीक्षकांचा मेमो. ओलाव्यामुळे कागद सरळ रेषेत कसा फाटतो, याचा खुलासा करा.

एक वेळ अशी येते की माणसाला सत्याच्या बाजूने उभं राहावं लागतं. खुलासा न देता सरळ अहवालच देणार. लघुपोपटांचं वर्णन, सवयी, संख्या साडेसात, आणि सोबत नकाशा. कोणत्या झरोक्यात वस्ती आहे ते एकदा कागदावर आलं की मग कोणाची हात लावायची टाप नाही. कागदावर आलेल्या गोष्टीला संरक्षण असतं, हे एकतीस वर्षांचं माझं ज्ञान.

२६ फेब्रुवारी

अहवाल दिला. नकाशाला चांगला जाड कागद हवा होता. बॅगेत एक सापडला, मागून कोरा. त्यावर चौदा झरोके काढले. वस्ती असलेले लाल पेनने भरले, साहेबाच्या नवव्यावर चांदणी. खाली सही ठोकली, तारीख, हुद्दा. अलीकडे एवढी सुबक सही आली नव्हती.

घरी येऊन लवकर झोपलो. असली कामं माणसाला पिळून काढतात.

३ मार्च, सोमवार

सकाळी अतिदक्षता विभागाच्या प्रमुख डॉक्टरांचा फोन. आवाज चढलेला. आमच्या कुठल्या व्हेंटिलेटरवर पक्षी आहेत ते सांगा, म्हणाले. मी म्हटलं, नवव्यावर निश्चित, बाकी नकाशा बघा. ते म्हणाले, आमच्याकडे आठच आहेत. पाच मिनिटांनी आमच्या दोघांच्या लक्षात आलं की मी भिंतीतल्या झरोक्यांबद्दल बोलतोय आणि ते रुग्णांच्या यंत्रांबद्दल.

चला, अहवाल वाचला जातोय एवढं नक्की झालं.

५ मार्च

ही विचारत होती, फॉर्म दिलात का. बॅग उलटी करून बघितली. नाही. बॅगेत नाही म्हणजे दिलेलाच असणार. "दिला," म्हटलं. "नक्की?" म्हणाली. मला उगाच शंका घेतलेली आवडत नाही. तसं तिला सांगितलं. ती गप्प बसली.

आजकाल ती पटकन गप्प बसते. वयाबरोबर समजूतदारपणा येतो.

१० मार्च

दंतविभागातून तोंडात बघायचा छोटा आरसा मागून आणला. शिडीवर चढलो, नवव्या झरोक्यात टॉर्च मारला, आरसा आत घातला. कागदी पट्ट्यांची गादी. त्यावर साहेब. साहेबाने आरशाला चावा घेतला आणि बाजूला सरकला. खाली पाच अंडी.

प्रशासकीय सोयीसाठी नाव साहेब हेच ठेवलं आहे.

स्कॅनिंगवाली शिडी धरून खाली उभी होती. हसल्यासारखी वाटली, पण खालून धूळ जात असेल नाकात.

घरी हिला सगळं सांगितलं. अंडी, आरसा, चावा. ती पलंगावर बसून ऐकत होती. म्हणाली, "पाच म्हणजे बरीच की हो." मग म्हणाली, "दिवा घालवा आता."

१३ मार्च

ही सोमवारबद्दल काहीतरी सांगत होती. सोमवारी जायचंय, तुम्ही रजा टाका, असं काहीतरी. मी तेव्हा अंडी किती दिवसांत फुटतात याचा हिशेब मांडत होतो. "हो हो," म्हटलं.

१५ मार्च

मेव्हणीचा फोन. म्हणजे हिची धाकटी बहीण. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. "भाऊजी, सोमवारी तुम्ही येताय ना?"

मी म्हटलं, "मी कशाला? तुम्हा बहिणींच्या मध्ये."

 ती म्हणाली, "ठीक आहे. मी नेते तिला."

स्वभावाने थोडी तुसडी आहे, पण बहिणीवर जीव आहे.

१७ मार्च, सोमवार

सकाळी सात वाजता मेव्हणी टॅक्सी घेऊन दारात. हिची बॅग भरलेली होती. मी दाढी करत होतो. ही दारापाशी थांबून म्हणाली, "डबा नाही केलाय आज. निघते मी."

"सावकाश ये. आराम कर चांगला," म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. साबण लागलाय का कुठे, म्हणून मी आरशात पाहिलं. तोवर टॅक्सी गेली होती.

बदल हवाच असतो बायकांना. मी असलं काही बोलून दाखवत नाही, पण समजून घेतो.

१८ मार्च

फोनवर चार मिस्ड कॉल. दोन मेव्हणीचे, दोन इस्पितळाच्याच एक्स्टेन्शनवरून. फोन मी रेकॉर्ड रूममध्ये सायलेंटवर ठेवतो. रिंग वाजली की साहेब अंड्यांवरून उठतो.

दुपारी स्कॅनिंगवाली म्हणाली, "काका, मी वरच्या मजल्यावर फाईली घ्यायला गेले होते. सर्जिकलच्या स्त्री वॉर्डात काकू दिसल्या."

"काकू बहिणीकडे गेल्यात," म्हटलं. "सारखी दिसणारी माणसं असतात."

"काका, फोन करा एकदा."

बाहेरून आलेल्या मुली घरच्या गोष्टींत फार लक्ष घालतात. तरी केला फोन, संध्याकाळी. मेव्हणीने उचलला. "झोपलीय ती," म्हणाली.

सहा वाजता झोपलेली. बहिणीच्या घरी अगदी लाड चाललेत.

२० मार्च

घरात कपडे साठलेत. वॉशिंग मशीनच्या पुढ्यात पंधरा मिनिटं उभा राहिलो. त्यावर अकरा बटणं आहेत. कुठलंही दाबलं तरी तोच एक लाल दिवा लागतो. उद्या कंपनीला पत्र लिहीन.

२१ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते कसं लिहावं कळत नाही. क्रमाने लिहितो.

साडेदहाला मेंटेनन्सचा सुपरवायझर दोन गवंडी, विटांचे तुकडे, सिमेंट आणि बाहेरून चढायची परांची घेऊन मागच्या आवारात आला. हातात माझा नकाशा. झेरॉक्स. चांदणीसकट.

"हे काय?" विचारलं.

"व्हेंटिलेटर बंद करायचेत, सगळे चौदा. अधीक्षकांची ऑर्डर आहे. पक्ष्यांनी रेकॉर्ड खराब होतंय." मग त्याने नकाशावर बोट ठेवलं. "तुमच्याकडून फार सोय झाली साहेब. नाहीतर आम्हाला एकेक शोधत बसायला लागलं असतं. आजवर कोणाला पत्ताच नव्हता यांचा."

मी म्हटलं, माझा अहवाल संरक्षणासाठी होता. तो म्हणाला, असेल, पण खाली सही आहे तुमची.

मी ताबडतोब अधीक्षकांना गाठायचं ठरवलं. ते मीटिंगमध्ये. बाहेरच्या बाकावर बसलो. पंख्याखाली बरं वाटलं. कोणीतरी चहा दिला. आपण रागात आहोत हे चहा घेताना जरा कमी वाटतं. मीटिंग संपेना. पाऊण तासाने परत आलो तेव्हा तेरा झरोके बंद झाले होते. ओलं सिमेंट, वर गवंड्याच्या बोटांच्या खुणा.

नववा उघडा होता. स्कॅनिंगवाली आतून शिडी लावून सगळ्यात वरच्या पायरीवर बसली होती, झरोक्यातून हात बाहेर काढून. बाहेरून गवंडी थापी घेऊन उभा. ती त्याला सांगत होती, "आत अंडी आहेत, दादा. माझा हात काढणार नाही मी. लावायचं तर हातावर लावा." आवाज चढवलेला नव्हता. फाईल कुठल्या रॅकवर आहे ते सांगावं तसं सांगत होती.

सुपरवायझर कंटाळला. वहीत लिहिलं, 'नऊ नंबर पेंडिंग'. गेले.

माझ्या वेळीच केलेल्या हालचालीमुळे नववा झरोका वाचला.

दुपारभर बाकीचे पक्षी भिंतीसमोर घिरट्या घालत होते. भिंतीपाशी यायचे, नखं सिमेंटवर घसरायची, पुन्हा उडायचे. आवाज बारीक, पण खिडकी लावली तरी आत येत होता. स्कॅनिंगवालीने विचारलं, "बाकीच्यांत पण होती का अंडी?"

मी बाकीच्यांत आरसा घातलाच नव्हता. चांदणी फक्त नवव्यावर होती ना.

२२ मार्च

सुट्टी. झोपून. काही खाल्लं नाही. बिस्किटं खाल्ली.

२४ मार्च, सोमवार

हेडक्लार्क बाईंकडे गेलो. म्हटलं, माझ्या अर्जाचा संपूर्ण विपर्यास झालाय, मला लेखी निषेध नोंदवायचाय. बाई चष्म्यावरून बघत राहिल्या.

"विपर्यास कसला? तुमचा कागद दोन्ही बाजूंनी मंजूर झालाय."

"दोन्ही बाजूंनी म्हणजे?"

"एका बाजूला नकाशा. तो मेंटेनन्सला गेला. मागच्या बाजूला तुमच्या मिसेसचा सवलतीचा फॉर्म. सहीची जागा रिकामी होती, पण सही कागदावर होतीच, पलीकडून. अधीक्षक म्हणाले, माणूस साधा आहे, कागद वाचवतो. केला मंजूर." मग मऊ आवाजात म्हणाल्या, "कशा आहेत आता? ऑपरेशन नीट झालं ना?"

"नीट झालं," म्हटलं.

जिन्यात जरा वेळ कठडा धरून उभा राहिलो. लोक जात-येत होते. मी बाजूला सरकून जागा देत होतो.

खाली आलो तर टेबलावरच्या ट्रेमध्ये वॉर्डातून आलेल्या फाईली होत्या. गुरुवारी, शुक्रवारी घरी गेलेल्या पेशंटांच्या. वरून तिसरी हिची.

एकतीस वर्षांत माझ्या हाताखालून लाखभर फाईली गेल्या असतील. मी वाचत नाही. फाईली वाचायच्या नसतात, लावायच्या असतात. ही वाचली.

तक्रार : उजव्या बरगडीखाली दुखणे, आठ महिने. सोबत आलेली व्यक्ती : बहीण. पतीचा व्यवसाय : रेकॉर्ड रूम प्रमुख, याच इस्पितळात. दुसऱ्या पानावर, नर्सच्या तिरक्या अक्षरात : 'शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची पतीशी बोलण्याची इच्छा. पतीस दोनदा फोन केला. उत्तर नाही. वेळ १०.४०.'

मंगळवार, दहा चाळीस. मी शिडीवर होतो.

फाईलला रॅक नंबर द्यायचा होता. पेन हातात घेतलं आणि बसून राहिलो. स्कॅनिंगवालीने थोड्या वेळाने येऊन फाईल उचलली, एकेक पान स्कॅन केलं, नंबर टाकला, लावून आली. मला पाणी आणून दिलं. सहा दिवसांपूर्वी मी तिला काय म्हणालो होतो ते तिने काढलं नाही.

२५ मार्च

रजा टाकली. मेव्हणीकडे गेलो. पत्ता विचारत विचारत. इतक्या वर्षांत मी तिथे दोनदा गेलो असेन, आणि दोन्ही वेळा ही पुढे होती.

ही खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. जरा वाळली आहे. गाऊन बहिणीचा होता. मी रस्ताभर वाक्यं जुळवत गेलो होतो. तिच्यासमोर बसलो आणि एकही आठवलं नाही.

"ऑफिस सोडून कशाला आलात," म्हणाली.

"रजा टाकली."

"आज?"

मेव्हणी स्वयंपाकघरात गेली. भांडी जरा जोरात ठेवत होती.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी झरोक्यांचं सांगितलं. तेरा बंद झाले, नववा राहिला. नकाशा माझाच होता, हेही सांगितलं. कागदाची दुसरी बाजू कुठली, ते सांगायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "माहितेय. अ‍ॅडमिट करताना काउंटरवर दाखवला मला. चांदणी छान काढलीत."

मग विचारलं, "पिल्लं झाली का? पाच अंडी होती ना?"

"अजून नाही."

"दहा तारखेला तुम्ही आरसा घातलात. होतील चार-आठ दिवसांत." खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आणि ते आरशाला चावलं, तेव्हा तुमच्या अंगठ्याला लागलं होतं. बघू. बरा झाला का?"

अंगठ्याला लागलं होतं हे मी या रोजनिशीतसुद्धा लिहिलेलं नाही. तिला सांगितलं होतं बहुतेक. दाखवला. बरा झाला होता.

आता माझी पाळी होती. खूप विचार करून विचारलं, "उजवीकडे दुखतं का अजून?"

"आता काय दुखायचंय. काढलं की ते."

बरोबर होतं तिचं. उशिरा विचारला तर प्रश्न चुकतोच.

तिने पाणी मागितलं. अर्धं प्यायली, पेला माझ्या हातात दिला, "धरा जरा," म्हणाली आणि डोळे मिटले. झोप लागली तिला. टेबल हाताच्या अंतरावर होतं. पण ठेवताना आवाज झाला असता, म्हणून तसाच धरून बसलो. मेव्हणीने येऊन बघितलं, परत गेली. हाताला मुंग्या आल्या. पाऊण तासाने ही जागी झाली.

"तुम्ही अजून इथेच?"

आश्चर्य वाटलं होतं तिला. मला ते चांगलं लक्षण वाटलं.

घरी कधी येणार विचारलं. "बघू," म्हणाली. मी म्हटलं, तोवर मी रोज येईन. मेव्हणी दारापर्यंत सोडायला आली. "रोज नको, भाऊजी. फोन करून या."

२७ मार्च

नवव्यात चार पिल्लं. एक अंडं तसंच राहिलं. पिल्लं उघडी, गुलाबी, डोळे मिटलेले. मी फक्त एकदा बघितलं आणि शिडी काढून ठेवली. बाकीची मंडळी कॅन्टीनमागच्या वाळक्या ताडाच्या झापांत राहायला गेली आहेत, असं स्कॅनिंगवालीने दाखवलं. मी शोधली नव्हती. त्यांचा नकाशा काढणार नाही, असं तिला सांगितलं. "बरं काका," म्हणाली.

सुपरवायझरकडे जाऊन नऊ नंबर दीड महिना पेंडिंगच ठेवा म्हणून सांगितलं. तोंडी. तो म्हणाला, लेखी द्या. नाही दिलं.

फोन केला. ही आंघोळीला गेली होती.

२८ मार्च

फोन केला. ही डॉक्टरकडे टाके दाखवायला. म्हणजे माझ्याच इस्पितळात. धावत बाह्यरुग्ण विभागात गेलो. नुकत्याच गेल्या, म्हणाले.

वॉशिंग मशीन चालू झालं. आधी पाण्याचा नळ सोडायचा असतो. ही बातमी सांगायला पुन्हा फोन केला नाही. एका दिवसात दोनदा बरं दिसत नाही.

३० मार्च, रविवार

विचार करून ठरवलं की हिला आणायचंच. घर झाडलं. चादर बदलली. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं. सहा वाक्यं, मागून कोरा कागद.

अकरा वाजता फोन केला. मेव्हणीने उचलला. म्हटलं, जरा हिला देता का. ती म्हणाली, "बसलीय इथेच. विचारते." मागून हिचा आवाज आला. तीन-चार शब्द असतील. मला नीट ऐकू आले नाहीत.

"काय म्हणाली?" विचारलं.

"काही नाही, भाऊजी."

"नाही, ती काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते नीट सांगा. मला घाई नाही. मी थांबतो."

पलीकडे काही नाही. पंखा फिरत असल्यासारखा आवाज आला, तो आमच्याच पंख्याचा. मी फोन कानाला घट्ट लावला, दुसऱ्या कानावर हात ठेवला, श्वाससुद्धा रोखला. एक शब्द सुटायला नको म्हणून. बराच वेळ तसा उभा होतो. मग हात दुखला म्हणून फोन समोर धरून बघितला. तो कधीचाच बंद झाला होता.